तारखा कापलेलं पान

९ जुलै

आत्या,

फोनच करणार होते. पण फोनवर तू बोलायला लागलीस की मी नुसती 'हो, हो' करत राहते आणि सांगायचं ते राहून जातं. म्हणून लिहिते आहे.

मंगळवारी आमच्या शिक्षक-प्रशिक्षणाच्या वर्गात गणिताच्या मॅडमनी चार पानांची झेरॉक्स वाटली. म्हणाल्या, नेटवर सगळ्यांसाठी खुला ठेवलेला धडा आहे, कुणीही घ्यावा, बदलावा, वापरावा. मथळा होता 'वजाबाकीतल्या चुका: एका मुलीची वही'. तळाशी तुझं नाव. मला इतका आनंद झाला की मी शेजारणीला कोपरानं ढोसलं आणि म्हटलं, "ही माझी आत्या." मग पान उलटलं.

तिसऱ्या पानावर माझी वही आहे.

अक्षर ओळखायला मला दोन सेकंदसुद्धा लागले नाहीत. माझा तो पोट सुटलेला पाच, आणि समासात शाईच्या डागाला शिंगं काढून केलेली गोगलगाय. तिसरीतली वही. आई हॉस्पिटलमध्ये होती, बाबा बोटीवर होता आणि मी सात महिने तुझ्याकडे राहत होते, तेव्हाची.

मॅडमनी विचारलं, "या मुलीला नेमकं काय कळलेलं नाही?" चाळीस जण तुटून पडले. ५२ वजा २७ बरोबर ३५. ८१ वजा ४६ बरोबर ४५. हिला हातचा घ्यायचं माहीतच नाही, एक जण म्हणाला. हिच्या घरी कुणी लक्ष देत नसणार, दुसरी म्हणाली. मागच्या बाकावरून कुणीतरी सांगितलं की अशी मुलं चौथीच्या पुढे रखडतातच. शेजारीण माझ्याकडे बघून हसत होती. तिला वाटलं, आत्याच्या धड्यावर एवढी चर्चा चाललीय म्हणून मी फुशारले असेन.

"तू गप्प का?" मॅडमनी मला विचारलं.

"मलाही तेच वाटतं," मी म्हटलं.

तास संपल्यावर ती झेरॉक्स पिशवीत घालून मी घरी आणली.

तू मला विचारलं का नाहीस?

खारू

१५ जुलै

प्रिय खारू,

तुझं पत्र दोनदा वाचलं. वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडं हसूही आलं. इतक्या वर्षांनी तुझीच वही फिरून तुझ्या हातात यावी.

आधी हे सांगते की तुझं नाव मी कुठेही ठेवलेलं नाही. वहीचं कव्हर नाही, शाळा नाही, तारखासुद्धा कापून टाकल्या. ती तू आहेस हे जगात फक्त तुला आणि मला माहीत. आणि तुझ्या बाबाला मी तेव्हा विचारलं होतं. तो म्हणाला, घे की, त्यात काय.

आम्ही हे का सुरू केलं ते तुला ठाऊक नाही. मी नोकरीला लागले तेव्हा आमच्या शाळेतल्या जुन्या बाईंकडे उत्तम गणिताच्या वह्या होत्या, स्वतः तयार केलेल्या. त्या कपाटात कुलपात असायच्या. निवृत्त होताना बाई त्या घरी घेऊन गेल्या आणि पुढे त्या रद्दीत गेल्या. मी पहिली दहा वर्षं अंधारात चाचपडत शिकवलं. म्हणून आम्ही सात-आठ जणींनी ठरवलं, आपल्याजवळचं सगळं उघड्यावर मांडायचं. ज्या शाळेत पुस्तकं पोचत नाहीत तिथली एक मास्तरीण हा धडा फोनवर बघून फळ्यावर उतरवते आणि सत्तर मुलांना शिकवते. तिनं मला तसं कळवलंय. तुझ्या चुकांनी किती मुलांचं भलं झालं असेल, विचार कर.

आणि पुढे तू गणितात चांगलीच निघालीस. लाज वाटण्यासारखं त्यात काय आहे? आठ वर्षांच्या पोरीला हातचा नाही समजत, शेकडो मुलांना नाही समजत.

तरी तुला नको असेल तर आमच्या पानावरून काढून टाकते. आजच काढते.

तुझी आत्या

२१ जुलै

आत्या,

तू काढलंस, मी पाहिलं. काढून काय झालं? 'घ्या, बदला, वापरा' म्हणालीस ना. लोकांनी घेतलं, बदललं आणि वापरलं. मी बसून शोधलं, अकरा ठिकाणी सापडलं. चार तर मला न कळणाऱ्या भाषांत आहेत, पण गोगलगाय तीच.

सगळीकडे तळाशी तुझं नाव आहे, नियमाप्रमाणे. माझं कुठेच नाही, आणि मी तर पानभर पसरले आहे.

तू लिहिलं होतंस, 'ही मुलगी काही काळ घरापासून दूर राहत होती.' पुढच्या कुणीतरी त्याचं 'घरात अभ्यासाचं वातावरण नाही' केलं. आमच्या मॅडमना मिळाली ती प्रत त्याच्याही पुढची. तिच्यात लिहिलंय, 'आई नसलेली मुलगी'.

मी ती झेरॉक्स जेवणाच्या टेबलावर विसरले. आईनं वाचली. अक्षर तिनं ओळखलं असणारच. चष्मा काढला, डबीत ठेवला आणि डबी मिटून बराच वेळ हातात धरून बसली.

लाजेचं मी काही लिहिलं नव्हतं. मी विचारलं होतं, मला का विचारलं नाहीस.

खारू

३० ऑगस्ट

प्रिय खारू,

जवळजवळ सहा आठवडे झाले. पत्र लिहायला बसायचे आणि फाडायचे.

या दिवसांत त्या अकरा जागांना लिहिलं. शोधताना आणखी सहा सापडल्या, त्यांनाही लिहिलं. पाच जणांनी पान काढलं. एकानं उलट विचारलं की, धडा खुला आहे असं तुम्हीच लिहिलंय, मग आता आडकाठी कशाची? त्याचं बरोबर आहे. दोघांनी फक्त 'आई नसलेली' हे शब्द काढले. बाकीच्यांचं उत्तर नाही. तुमच्या मॅडमनाही लिहिलं, तू कोण ते न सांगता. त्यांचंही उत्तर नाही. माणसं वाईट नाहीत. ज्यांनी 'आई नसलेली' लिहिलं त्यांनाही वाटलं असेल, शिकणारे हळहळतील आणि नीट लक्ष देतील.

आता मुद्द्याचं लिहिते.

तुझ्या बाबाला मी विचारलं नव्हतं. मागच्या पत्रात विचारलं होतं असं लिहिलं, ते लिहिताना मला स्वतःला खरं वाटत होतं. मग आठवायला लागले, कुठे विचारलं, कधी, तो काय करत होता, आणि काहीच आठवेना. कारण तसं काही झालंच नव्हतं. धडा नेटवर टाकला तेव्हा तू चौदा वर्षांची होतीस. माझ्याकडे सुट्टीत आली होतीस, आतल्या खोलीत पालथी पडून वाचत होतीस आणि बाहेरच्या टेबलावर मी तुझी वही स्कॅन करत होते. हाक मारली असती तरी पुरलं असतं. मारली नाही. तू नको म्हणालीस तर, ही भीती होती.

अजून एक आहे. तो धडा लोकांना फार आवडला. शिक्षकांच्या मेळाव्यात मला बोलायला बोलावलं. तुझं पान भिंतीएवढं मोठं करून दाखवलं आणि मी सांगितलं, "ही माझ्या वर्गातली एक मुलगी." भाची म्हटलं नाही. गणिताच्या बाईंच्या घरातल्या पोरीला वजाबाकी येत नाही, असं कुणाच्या मनात आलं असतं तर माझी मान खाली गेली असती. तेवढ्यासाठी तुला परकी करून टाकलं. टाळ्या पडल्या. मी वाकून नमस्कार केला.

तू मोठ्या मनानं माफ कर असं म्हणणार नाही. माझं म्हणून जे होतं ते लिहिलं.

आत्या

८ सप्टेंबर

आत्या,

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस वर्गाला गेले नाही. रागानं नाही. तू एवढं लिहिलंस आणि मी एक गोष्ट अजून दाबून ठेवली आहे, म्हणून.

मला हातचा येत होता.

आई ॲडमिट होण्याच्या आधीच्या आठवड्यात तिनं पलंगावर बसवून मला शिकवला होता. पहिल्या दिवशी तुझ्याकडे सगळी गणितं बरोबर आली. तू "शाबास" म्हणालीस, माझ्या डोक्यावर टपली मारलीस आणि वर्गाच्या वह्या तपासायला टेबलाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसलीस. ते टेबल मला फार लांब वाटलं. दुसऱ्या दिवशी घाईत एक गणित चुकलं. तू खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसलीस. काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे केलेस, एक गठ्ठा सोडून माझ्या हातावर ठेवलास. तुझा हात माझ्या पाठीवरून पलीकडे टेबलावर होता. पाऊण तास.

तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम चुकले.

नुसतं काहीतरी चुकीचं लिहून भागणार नव्हतं. एकदा तसं केलं तर तू म्हणालीस, "लक्ष कुठे आहे तुझं?" आणि नुसतीच रागावलीस. म्हणून मी एकच चूक शोधून काढली, रोज तशीच करायची. खालचा आकडा मोठा असला की उलटं करायचं, मोठ्यातून लहान वजा. मग तुला वाटायचं, हिला कळत नाहीये, आणि तू बसायचीस. माझ्यासाठी तो हिशोब हातच्याच्या वजाबाकीपेक्षा कठीण होता. आधी बरोबर उत्तर काढायचं, मग चुकीचं, आणि चुकून बरोबर तर लिहिलं नाही ना हे तपासायचं.

वर्गात चाळीस जण माझ्यावर बोलत होते तेव्हा मला याचाच धसका बसला होता. तू जगाला शिकवलंस की ही चूक म्हणजे न कळणं. आणि काड्यांच्या गठ्ठ्यांनी सात महिन्यांत ती गेली. तुझा धडा माझ्या खोटेपणावर उभा आहे आणि तिकडे सत्तर मुलांची मास्तरीण तो फळ्यावर उतरवते. मी तुला जाब विचारत होते, पण आधी फसवलं होतं मी.

आईला यातलं काही माहीत नाही. तिला कळलं तर वाटेल, मी तुझ्याकडे उपाशी होते. तसं नव्हतं. तू सगळं केलंस. फक्त जवळ बसायची नाहीस.

खारू

१३ सप्टेंबर

खारू, बाळा,

पत्र वाचलं आणि माळ्यावरून ट्रंक काढली. वही आहे. या पत्राबरोबर पाठवते आहे, ती तुझी आहे, माझ्याकडे राहायचं तिला काही कारण नव्हतं.

पाठवण्यापूर्वी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत पाहिली. या वेळी तारखांसकट. बुधवारच्या सगळ्या पानांवर एकही चूक नाही. एकही. बुधवारी शाळा सुटली की आपण बसनं हॉस्पिटलला जायचो आणि तू वहिनीच्या पलंगाच्या कडेला बसून गणितं करायचीस. मी बाहेर बाकावर वह्या तपासत असायचे. परत येताना बसमध्ये तुझी वही बघायचे, सगळं बरोबर, आणि मला वाटायचं वहिनीनं उत्तरं सांगितली. मनातल्या मनात तिला बोलही लावायचे, पोरीला लाडावून ठेवते म्हणून.

आणि ज्या पानाला मी धड्यात 'समज आली तो दिवस' म्हटलंय, त्यावर वीस गणितं बरोबर आहेत. ती तारीख वहिनीला घरी सोडणार असं डॉक्टरांनी सांगितलं त्याच्या दुसऱ्या दिवशीची आहे.

हे सगळं वहीत लिहिलेलं होतं. कुणाही शिक्षकानं तारखांसकट ती वही पाहिली असती तर विचारलं असतं, बुधवारी काय होतं? मीच तारखा कापल्या. तुझी ओळख लपवायला म्हणून. बुधवारची पानंही गाळली, कारण चुकांच्या धड्यात बरोबर पानं कशाला.

तू फसवलंस असं पुन्हा लिहू नकोस. आठ वर्षांची पोर रोज दोन-दोनदा गणित करत होती आणि शेजारी बसलेली, वीस वर्षं शिकवण्याचा अनुभव असलेली बाई ते ओळखत नव्हती. धडा चुकला तो माझा.

धडा दुरुस्त करावा असं मला वाटतं. जुन्या प्रती आता माझ्या हाताबाहेर आहेत. पण मूळ जागी खरं असलं, तर शोधत येणाऱ्याला तरी ते मिळेल. मी लिहून काढलंय, सोबत जोडलंय. वर टाकलेलं नाही. तू हो म्हणेपर्यंत टाकणार नाही, नाही म्हणालीस तर कधीच नाही. हवं ते खोड.

आत्या

२ ऑक्टोबर

आत्या,

वही मिळाली. तिला तुझ्या ट्रंकेतल्या डांबरगोळ्यांचा वास आहे.

मी ती वर्गात नेली. मॅडमना तास सुरू व्हायच्या आधी भेटले आणि सांगितलं, ही मुलगी मी. त्या आधी हसल्या, मग वही चाळली, मग खुर्चीवर बसल्या. तुझी चिठ्ठी त्यांना मिळाली होती, पण त्यांना वाटलं कुणीतरी हक्काबिक्काची कटकट करतंय. "आई नसलेली हे मी वाचूनसुद्धा दाखवलं होतं," म्हणाल्या. त्यांनी माझी माफी मागितली. मला फार कानकोंडं झालं, कारण त्यांनी ते लिहिलेलं नव्हतं. त्यांनी फक्त विश्वास ठेवला होता.

मग त्यांनी वर्गाला सगळी पानं तारखांसकट दाखवली आणि मी खाली बसून होते. मागच्या बाकावरच्या मुलीनंच विचारलं, "बुधवारी हिला काय व्हायचं?" मॅडमनी तो प्रश्न फळ्यावर लिहिला. वर्गच बोलत राहिला. तास संपला तरी कुणी उठलं नाही.

तुझं लिहिलेलं वाचलं. तारखा राहू देत. बुधवारची पानं घाल. 'एक मुलगी' काढून 'माझी भाची' लिही. माझं नाव नको. 'मी ओळखलं नाही' हे वाक्य तू तीनदा लिहिलं आहेस, एकदा पुरे. आणि मी का चुकत होते तो शेवटचा परिच्छेद मी खोडला आहे. तो माझा एकटीचा नाही, आईचाही आहे. तिला विचारल्याशिवाय मी तो देऊ शकत नाही, आणि तिला विचारायचं धैर्य माझ्यात अजून नाही. तिला विचारणं मी अजूनही चुकवतेच आहे.

तुझी खारू

१९ ऑक्टोबर

ती. वन्संना नमस्कार.

मी तुम्हाला पत्र लिहून वर्षं झाली. खारूनं तुमची सगळी पत्रं, सोबतच्या धड्यासकट, मला दिली. विचारायचं धैर्य होईना म्हणून उशीजवळ ठेवून गेली. एका दुपारी वाचून संपवली.

मला माहीत होतं.

बुधवारी ती माझ्याजवळ गणितं करायची तेव्हा मी मागची पानं चाळायची. गुरुवार ते मंगळवार चुका, आणि सगळ्या एकाच पद्धतीच्या. तिला हातचा मीच शिकवला होता. तिसऱ्या आठवड्यात मी तिला विचारलं, "हे काय गं?" ती म्हणाली, "आत्या जवळ बसते." मी म्हटलं बरं, आणि वही मिटली. तिला ते आठवत नाही असं दिसतं. तुम्ही बाहेरून आत आलात की तुमच्या चेहऱ्यावरून कळायचं, तुम्हाला वाटतंय मी उत्तरं सांगते. वाटू दिलं. तुम्हाला खरं सांगितलं असतं तर तुम्ही दुसऱ्या दिवसापासून तिला रागावला असतात, किंवा वाईट वाटून उगाच जवळ घेत राहिला असतात, आणि ते तिला बरोबर कळलं असतं. माझी पोर रोज पाऊण तास कुणाच्या तरी कुशीला बसते आहे, एवढ्यावर मी त्या वॉर्डात दिवस काढत होते. घरी आल्यावर सांगायला हवं होतं. तुमचा धडा नावाजला तेव्हा तर हवंच होतं, तुम्ही फोनवर त्याबद्दल सांगितलंत आणि मी ऐकून 'छान' म्हटलं. खारूची वही त्यात असेल असं वाटलं नाही असं मी म्हणू शकते, पण शंका आली होती.

तेव्हा तुम्ही दोघी एकमेकींकडे माफी मागत बसलात त्यात तिसरी मीही आहे.

खारूनं खोडलेला तो शेवटचा परिच्छेद घाला. माझी हरकत नाही. आई हॉस्पिटलमध्ये होती असं सरळ लिहा, बरी होऊन घरी आली हेही लिहा. शिकवणाऱ्यांनी वाचावं असं ते आहे.

हे पत्र पाठवण्याआधी खारूला वाचून दाखवलं. मग तिनं एक वाक्य खोडायला सांगितलं. मी खोडलं. ते काय होतं ते तुम्हाला सांगणार नाही.

तुमची
वहिनी